नोशीर होरमसजी अंतिया

डॉ. नोशीर होरमसजी अंतिया (८ फेब्रुवारी १९२२ – २६ जून २००७) हे भारतीय प्लॅस्टिक सर्जन, कुष्ठरोग संशोधक आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक होते. कुष्ठरोगामुळे चेहऱ्याला आलेली विकृती शस्त्रक्रियेने दूर करून रुग्णाला पुन्हा समाजात वावरता यावे, यासाठी त्यांनी केलेले काम जगभर ओळखले जाते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभागाची उभारणी त्यांनी केली. फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च आणि फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या दोन संस्थांचे ते संस्थापक होते. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ग्रामीण आरोग्यसेवेला वाहून घेतले. भारत सरकारने १९९० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

अंतिया यांचा जन्म तत्कालीन मुंबई इलाख्यातील हुबळी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्यांनी १९४५ साली वैद्यकीय पदवी घेतली. पुढील शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि एफ.आर.सी.एस. झाले. तेथे त्यांना सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरी शिकण्याची संधी मिळाली. पहिल्या महायुद्धात चेहऱ्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करून गिलीज यांनी या शाखेचा आधुनिक पाया घातला होता. युद्धातून परतलेल्या माणसाचा जीव वाचला, पण चेहरा गेला, तर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या परंपरेच्या केंद्रस्थानी होता. अंतियांनी तोच प्रश्न भारतात कुष्ठरुग्णांच्या संदर्भात हाती घेतला.

नाकाच्या पुनर्रचनेचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. टिपू सुलतानाच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका देशी शल्यकर्म्याने कपाळाच्या कातडीपासून नवे नाक करून दिले होते. या शस्त्रक्रियेचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आला आणि त्यातून युरोपातील शल्यचिकित्सकांना या पद्धतीची प्रेरणा मिळाली.

पार्श्वभूमी : कुष्ठरोग आणि विकृती

कुष्ठरोगाचा जंतू आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. हा जंतू त्वचेबरोबरच हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंवर हल्ला करतो. कोपरामागून जाणारा मज्जातंतू निकामी झाला की बोटे आत वळतात आणि पंजा आकसतो. चेहऱ्याच्या मज्जातंतूची हानी झाली की पापणी मिटत नाही. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून त्यावर व्रण होतात आणि शेवटी दृष्टी जाते. नाकाच्या आतील भाग व कूर्चा नष्ट होऊन नाक बसते, भुवया झडतात. हात आणि पाय बधिर झाल्याने चटके आणि जखमा रुग्णाला जाणवत नाहीत. बोटे झडतात ती प्रत्यक्ष रोगाने नव्हे, तर अशा दुर्लक्षित राहिलेल्या जखमांमुळे, ही गोष्ट वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी दाखवून दिली.

१९४० च्या दशकात डॅप्सोन हे औषध वापरात आले आणि रोग आटोक्यात आणता येऊ लागला. औषधाने जंतू मरत असले, तरी बसलेले नाक आणि वाकलेली बोटे मात्र तशीच राहत. त्यामुळे बरा झालेला माणूसही लोकांच्या नजरेत रोगीच राहत असे. त्याला काम मिळत नसे, घरचे परत घेत नसत. वैद्यकीय दृष्ट्या संपलेला रोग सामाजिक दृष्ट्या संपत नसे. शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन यांची गरज येथे निर्माण होते.

शल्यकर्म

भारतात परतल्यानंतर अंतियांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली. ब्रँड आणि त्यांचे सहकारी वेल्लोर येथे प्रामुख्याने हातापायांवर काम करीत होते. अंतियांनी चेहऱ्याकडे विशेष लक्ष दिले. पुढे ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रुजू झाले आणि तेथे टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभाग उभा राहिला. त्या काळी कुष्ठरुग्णांवर उपचार वेगळ्या, गावाबाहेरच्या आश्रमांत होत असत. अंतियांनी त्यांना सर्वसाधारण रुग्णालयात, इतर रुग्णांबरोबर दाखल करून घेण्याचा आग्रह धरला. रुग्णाला वेगळे ठेवून त्याचे पुनर्वसन होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

कुष्ठरोगात बसलेल्या नाकाच्या बाबतीत एक गोष्ट महत्त्वाची असते. कापलेल्या नाकाप्रमाणे येथे बाहेरची कातडी गेलेली नसते. आतले अस्तर नष्ट होऊन आकसते आणि बाहेरची कातडी आत ओढली जाते. म्हणून कपाळाची कातडी आणून नवे नाक करण्याची गरज नसते. ओठाच्या आतून छेद घेऊन नाकाची कातडी मोकळी केली जाते, त्या जागी साच्यावर बसवलेले त्वचारोपण करून नवे अस्तर दिले जाते आणि नंतर नाकाला आतून आधार देण्यात येतो. गिलीज यांनी दुसऱ्या रोगात वापरलेली ही पद्धत अंतियांनी कुष्ठरुग्णांसाठी रूढ केली. चेहऱ्यावर नवा व्रण न राहता नाकाला उंची मिळत असल्याने रुग्णांना तिचा मोठा लाभ झाला. चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरील त्यांचा प्रबंध १९६३ साली इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कानाच्या कडेचा तुटलेला भाग कानाचीच त्वचा व कूर्चा पुढे सरकवून भरून काढण्याची पद्धत त्यांनी व्ही. आय. बूच यांच्यासह १९६७ साली प्रसिद्ध केली. अंतिया-बूच फ्लॅप या नावाने ती प्लॅस्टिक सर्जरीच्या पाठ्यपुस्तकांत समाविष्ट असून आजही जगभर वापरली जाते.

शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

अशा शस्त्रक्रियांचे यश केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. न मिटणाऱ्या पापणीसाठी कानशिलावरील चावण्याच्या स्नायूचा एक पट्टा पापण्यांपर्यंत आणला जातो. हा स्नायू मुळात जबडा मिटण्याचे काम करतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला दात घट्ट मिटून डोळा मिटण्याची सवय लावावी लागते. आरशासमोर बसून, दिवसातून अनेक वेळा, काही आठवडे हा सराव केल्यानंतर ती हालचाल अंगवळणी पडते. आकसलेल्या बोटांसाठी स्नायुबंध दुसरीकडून आणून जोडल्यावरही हेच घडते: स्नायूला नवे काम शिकवावे लागते आणि ते भौतिकोपचाराशिवाय शक्य होत नाही.

बधिरता मात्र शस्त्रक्रियेने परत येत नाही. सरळ झालेला हात चुलीवरच्या भांड्याने पुन्हा भाजू शकतो. म्हणून रोज हातपाय तपासणे, कोरडी पडलेली त्वचा पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ तळव्याच्या चपला वापरणे आणि अवजारांच्या मुठी गुंडाळून घेणे हे शिक्षण पुनर्वसनाचा भाग ठरते. कुष्ठरोगातील विकृतींवरील शस्त्रक्रिया व उपचारांवर अंतियांनी कार्ल एन्ना आणि बेहमन दावर यांच्यासह लिहिलेला ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला.

मज्जातंतूंवरील संशोधन

विकृती दुरुस्त करता करता अंतियांचे लक्ष तिच्या मुळाकडे वळले. कुष्ठरोग हा त्वचेचा रोग म्हणून ओळखला जात असला, तरी अपंगत्व येते ते मज्जातंतूंच्या हानीमुळे. मज्जातंतू वाचवता आला तर शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही, असा विचार त्यांनी मांडला. १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी मुंबईत फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चची स्थापना केली.

मनगटाजवळून तर्जनीकडे जाणाऱ्या संवेदनावाहक मज्जातंतूच्या शाखेचा या संशोधनात विशेष उपयोग झाला. तिचा छोटा तुकडा तपासणीसाठी काढला, तरी हाताच्या हालचालींवर परिणाम होत नाही. अंतिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची लक्षणे, विद्युत्‌वहन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालील रचना यांचा एकत्रित अभ्यास केला. वनजा शेट्टी यांच्यासह त्यांनी संपादित केलेला कुष्ठरोगातील मज्जातंतूविषयक ग्रंथ १९९७ साली निघाला.

मांडवा आणि परिंचे

रुग्णालयात येणारे बहुतेक रुग्ण उशिरा, विकृती आल्यानंतर येतात, हे अंतियांना सतत जाणवत होते. रोग सुरुवातीलाच ओळखला गेला असता तर शस्त्रक्रियेची गरज पडली नसती. मुंबईच्या बंदरापलीकडे असलेल्या रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील मांडवा परिसरात त्यांनी १९७० च्या दशकात आरोग्यप्रकल्प सुरू केला. सुमारे ३०,००० लोकवस्तीच्या या भागात गावातल्याच, अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्वचेवरील बधिर चट्टा ओळखणे, क्षयाच्या रुग्णाला नियमित औषध मिळेल हे पाहणे, बाळंतपण आणि बालकांची काळजी घेणे ही कामे त्यांनी यशस्वीपणे केली.

हा प्रयोग सुमारे दहा वर्षे चालला. पुढे स्थानिक राजकीय हितसंबंधांच्या विरोधामुळे तो बंद करावा लागला. अंतियांनी या अनुभवावर लेख लिहून अपयशाची कारणेही मांडली. आरोग्यसेवा लोकांच्या हाती गेली की सत्तेचे संबंध बदलतात आणि म्हणूनच तिला विरोध होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेने पुढे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे येथे याच विचारावर नव्याने काम उभे केले.

धोरणविषयक कार्य

कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी येथे जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत सहभागी असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा अंतियांच्या विचारांवर प्रभाव होता. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ साली सर्वांसाठी आरोग्य या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यात नाईक यांची भूमिका मोठी होती आणि अंतियांचाही सहभाग होता. मोठ्या शहरी रुग्णालयांऐवजी गावपातळीवरील सेवेला प्राधान्य देणारी पर्यायी व्यवस्था या अहवालाने सुचवली. वैद्यकीय व्यवसायाच्या बाजारीकरणावर अंतियांनी अखेरपर्यंत कठोर टीका केली. पंचायत राज्याच्या चौकटीत आरोग्यसेवा कशी आणता येईल, यावर त्यांनी कविता भाटिया यांच्यासह ग्रंथ संपादित केला (१९९३).

मृत्यू आणि वारसा

अंतिया यांचे २६ जून २००७ रोजी निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र अ लाइफ ऑफ चेंज त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ साली प्रकाशित झाले.

१९८० च्या दशकापासून बहुऔषधोपचार पद्धतीचा प्रसार झाल्यावर कुष्ठरुग्णांची संख्या झपाट्याने घटली. तरीही रोग उशिरा लक्षात आल्याने अपंगत्व येणारे रुग्ण आजही आढळतात, आणि त्यांच्यासाठी पुनर्रचना शस्त्रक्रिया व भौतिकोपचार यांची आवश्यकता कायम आहे. त्यांनी स्थापन केलेल्या दोन्ही संस्थांचे काम त्यांच्यानंतरही पुढे चालू राहिले. विकृती दुरुस्त करणारा शल्यविशारद ते विकृती टाळण्यासाठी गावात जाणारा कार्यकर्ता, हा त्यांचा प्रवास भारतातील पुनर्वसन वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.