सैगल, देवदास आणि आमचे मामा

आमचे मामा माटुंग्याला राहायचे. सकाळचे आठ वाजत आले की त्यांच्या घरात कुणी बोलायचं नाही, असा दंडकच होता. रेडिओ सिलोनवरचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम संपत आलेला असे आणि शेवटचं गाणं ठरल्याप्रमाणे कुंदनलाल सैगल यांचं लागे. मामा डोळे मिटून ऐकत. संध्याकाळी तीच गाणी ते पेटी घेऊन स्वतः म्हणत, तेव्हा मात्र शेजारी पेला असे. सैगल प्यायचे म्हणूनच असं गायचे, यावर त्यांची गाढ श्रद्धा होती. मामी काही बोलत नसे.

सैगल यांचा जन्म १९०४ चा, जम्मूचा. वडील संस्थानात तहसीलदार. आई भाविक, मुलाला भजनाला घेऊन जाणारी. गाणं कानावर पडलं ते असं. रामलीलेत हा मुलगा सीता व्हायचा. पुढे त्यांनी रेल्वेत टाइमकीपरची नोकरी केली, गावोगाव हिंडून टाइपरायटर विकले आणि अखेर कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये ते पोचले.

तिथे १९३५ साली प्रमथेश बरुआ यांनी त्यांना घेऊन हिंदी ‘देवदास’ काढला. शरदबाबूंची कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झालेली. जमीनदाराचा शिकलेला मुलगा. मनातल्या मुलीशी लग्न होत नाही, घराविरुद्ध उभं राहण्याची धमक नाही, म्हणून तो स्वतःलाच दारूत बुडवून संपवतो. सैगल यांच्या आवाजाने त्या दुबळेपणाला एक विलक्षण गोडवा आला. नोकरी नाही, मनासारखं लग्न नाही, घरच्यांशी पटत नाही अशा किती तरी तरुणांना आपलं दुःख पडद्यावर दिसलं. दुःखाबरोबर पेलाही दिसला, हे मात्र कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आपल्याकडे ते शांतारामबापूंनी घेतलं. १९३९ चा ‘माणूस’ हे ‘देवदास’ला दिलेलं उत्तरच मानलं जातं. त्यातला हवालदारही प्रेमात हरतो, जीव नकोसा होतो; पण तो मरत नाही, पुन्हा कामावर जातो. प्रभातच्या त्या चित्रपटाचं लोकांनी कौतुक केलं, पण आरशासमोर उभं राहून नक्कल करायची ती देवदासचीच!

१९४१ च्या अखेरीस सैगल मुंबईत आले आणि माटुंगेकर झाले. पृथ्वीराज कपूर यांच्यासारखी सिनेमातली पंजाबी मंडळी तेव्हा याच भागात बिऱ्हाड करून होती. दादरच्या रणजित मूव्हिटोनसाठी त्यांनी ‘भक्त सूरदास’ आणि ‘तानसेन’ केले. कीर्ती शिगेला पोचली होती, आणि व्यसनही. एक पेग घेतल्याशिवाय सूर लागत नाही, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं.

नौशाद एक आठवण नेहमी सांगत. कारदार यांच्या ‘शाहजहान’चं (१९४६) ध्वनिमुद्रण होतं. सैगल यांना प्यायला हवी होती. नौशाद यांनी गळ घातली की एकदा न पिता गा, मग हवं तर पिऊन गा. दोन्ही गाणी मुद्रित झाली. नंतर दोन्ही ऐकवली, तेव्हा सैगल यांनी स्वतःच उत्तम म्हणून निवडलं, ते न पिता गायलेलं. आयुष्यात हे सांगणारा आधी भेटला असता तर, अशी हळहळ त्यांना वाटली. पण फार उशीर झाला होता. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला ते गेले. वय अवघं बेचाळीस. तरुण लता मंगेशकरांनी हौसेने पहिला रेडिओ घेतला, तर त्यावर हीच बातमी त्यांच्या कानी आली. तो रेडिओ त्यांना घरात ठेववला नाही. प्रमथेश बरुआही मद्याच्या आहारी गेले आणि १९५१ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले.

पुढे पेल्याची जागा चिलमीने घेतली. १९७१ साली देव आनंद यांनी ‘हरे राम हरे कृष्ण’मध्ये काठमांडूचे हिप्पी आणि त्यांच्यात हरवलेली एक बहीण दाखवली. घर तुटलेली ती पोर गांजाच्या धुरात आपलं माणूस शोधत होती. मग मुंबईच्या गल्लीबोळांत गर्द आली. १९८६ साली पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हा कुठे मराठी घरांना कळलं, की व्यसन हा आजार आहे आणि त्यातून माणूस परत येतो.

आमचे मामा परत आले नाहीत. नौशाद यांची ती आठवण मला कळली, तेव्हा त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी ती मामीला सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने मामांची पेटी माळ्यावरून खाली काढली, पदराने पुसली आणि माझ्या मुलीपुढे सरकवली.