ड्रायव्हर म्हणून स्टुडिओत गेलेला पोरगा सोल संगीताचा आवाज कसा बनला?

१९६२ साल. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला गिटारवादक जॉनी जेंकिन्स रेकॉर्डिंगसाठी मेम्फिस शहराकडे निघाला होता. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून बँडमधला एक पोरगा गाडी चालवायला सोबत आला. स्टुडिओतल्यांना तो ड्रायव्हरच वाटला.

जेंकिन्सचं रेकॉर्डिंग काही रंगलं नाही. वेळ उरला होता. या पोराने आपलंही एक गाणं ऐका म्हणून गळ घातली. त्याने ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ गायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी कान टवकारले.

तो पोरगा म्हणजे ओटिस रेडिंग.

जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, जॉर्जियातल्या डॉसन गावचा. वाढला मेकन शहरात. वडील चर्चमध्ये प्रवचन द्यायचे, त्यामुळे गाण्याची सुरुवातही चर्चमध्येच झाली. पण वडील आजारी पडले आणि घराला हातभार लावण्यासाठी ओटिसने शाळा सोडली. गाण्याच्या स्पर्धांमध्ये मिळणारी बक्षिसाची रक्कम त्याच्यासाठी खरोखरच मोलाची होती.

त्या आवाजात असं काय होतं?

ओटिस ज्या स्टॅक्स कंपनीसाठी गायला, तिचा स्टुडिओ म्हणजे एक बंद पडलेलं थिएटर होतं. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच राहिली. त्यामुळे आवाजाला एक वेगळीच घुमक आली. बहुतेक वेळा गायक, ड्रम, गिटार, ऑर्गन आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाले सगळे एकाच खोलीत एकत्र वाजवायचे. आजच्यासारखं प्रत्येकाचं वेगळं रेकॉर्डिंग करून नंतर जोडकाम नाही. गायकाला दम लागला तर तोही ऐकू यायचा. आज ही गाणी जिवंत वाटतात ती यामुळेच.

ओटिस वादकांना नोटेशन लिहून द्यायचा नाही. ट्रम्पेटने काय वाजवायचं ते तो तोंडाने गाऊन दाखवायचा. म्हणून त्याच्या गाण्यांत कोरसऐवजी ही वाद्यंच त्याला साथ देताना ऐकू येतात.

आणखी एक गोष्ट. वर्णभेदाने पोखरलेल्या मेम्फिसमध्ये या स्टुडिओत काळे आणि गोरे वादक खांद्याला खांदा लावून वाजवत होते. बाहेर मात्र त्यांना सगळीकडे एकत्र जेवायलाही बसता येत नव्हतं.

१९६५ मध्ये ‘ओटिस ब्लू’ हा अल्बम जवळपास सगळा २४ तासांत रेकॉर्ड झाला. मध्ये वादक रात्रीच्या क्लबमधल्या कार्यक्रमांना गेले, ते उरकले आणि परत येऊन पुन्हा वाजवायला बसले. त्यातलंच ‘रिस्पेक्ट’ दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने गायलं आणि ते स्त्रियांच्या हक्कांचं गाणं होऊन बसलं. लिहिलं होतं मात्र ओटिसने.

यश दारात आलं आणि...

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे महोत्सवात ओटिसने रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या तरुणांना अक्षरशः वेड लावलं. मग घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईल का, ही धाकधूक होती. आवाज आला, आणि आधीपेक्षा मऊ होऊन आला. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याने ‘डॉक ऑफ द बे’ रेकॉर्ड केलं. गाण्याच्या शेवटी शब्द नाहीत, नुसती शीळ आहे.

१० डिसेंबर १९६७ ला कार्यक्रमाला जाताना त्याचं छोटं विमान विस्कॉन्सिनमधल्या गोठत चाललेल्या मोनोना तलावात कोसळलं. ओटिससह सात जण गेले, त्यात त्याच्या बँडमधली चार पोरं होती. ट्रम्पेट वाजवणारा बेन कॉली तेवढा वाचला. ओटिस अवघा २६ वर्षांचा होता.

गिटारवादक स्टीव्ह क्रॉपरने मित्राच्या जाण्याचं दुःख गिळून ते गाणं पूर्ण केलं, त्यात लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज घातले. मार्च १९६८ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. गायकाच्या मृत्यूनंतर त्याचं गाणं बिलबोर्डच्या मुख्य यादीत अव्वल येण्याची ती पहिलीच वेळ. ओटिसला जिवंतपणी हे कधीच मिळालं नव्हतं.

तो स्टुडिओ १९८९ मध्ये पाडला गेला. पुढे २००३ मध्ये त्याच जागेवर संग्रहालय उभं राहिलं. २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्टने ओटिसच्या आवाजावर एक रॅप गाणं रचलं आणि त्याला नाव दिलं ‘ओटिस’. आज रीलमध्ये शीळ घालणारा एखादा जुना आवाज ऐकू आला, तर तो कुणाचा हे आता तुम्हाला ठाऊक आहे. गाणं एकदा पूर्ण ऐका, जमलं तर हेडफोन लावून.