योग्य द्रावकाचे मोल ओळखणारे त्स्वेत

अहिल्यानगर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या आसवनींत मळीपासून अल्कोहोल तयार होते. सव्वाशे वर्षांपूर्वी मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाचे कोडे सुटले, ते याच अल्कोहोलच्या थोड्या मात्रेने. औषधांची शुद्धता आणि फळभाज्यांतील कीडनाशकांचे अंश आज ज्या क्रोमॅटोग्राफीने तपासतात, तिचे ते जनक.

त्स्वेत यांचा जन्म १८७२ मध्ये इटलीतील आस्ती येथे झाला. वडील रशियन, इटालियन आई त्यांच्या जन्मानंतर लवकरच वारली. १८९६ मध्ये जिनिव्हात डॉक्टरेट मिळवून ते रशियात गेले. तिथे स्विस पदवीला मान्यता नव्हती. त्यांना पदवीसाठी पुन्हा प्रबंध लिहावा लागला.

वेगळे काढलेले हरितद्रव्य पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळते, मग ते थेट पानातून का निघत नाही, हे ते कोडे. ईथरमध्ये थोडे अल्कोहोल मिसळताच ते निघू लागले. रंगद्रव्य पानातील घटकांना चिकटलेले असते आणि योग्य द्रावकच ती पकड सोडवतो, हे त्स्वेत यांनी ओळखले. मग काचेच्या नळीत खडूची भुकटी ठासून त्यांनी वरून पानांचा अर्क आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडला. हिरवे, पिवळे पट्टे वेगळे झाले. त्याआधी अर्कातले अल्कोहोल ते पाण्याने धुऊन काढत. ते राहिले तर भुकटीची पकड सैल पडे.

या पद्धतीवर त्यांनी १९०३ मध्ये वॉर्सात व्याख्यान दिले, १९०६ मध्ये तिला नाव दिले. नामवंत रसायनशास्त्रज्ञांनी मात्र शंका घेतल्या. महायुद्धात वॉर्सा सोडावे लागले. १९१९ मध्ये, अवघ्या ४७व्या वर्षी, व्हरोनेझ येथे त्यांचे निधन झाले. १९३१ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी ही पद्धत पुन्हा वापरली आणि जगाला तिचे महत्त्व पटले.

आज खडूच्या नळीऐवजी पोलादी स्तंभ आणि पंप आले. द्रावकाची काळजी तीच राहिली. मिथेनॉल आणि पाणी वेगवेगळे मोजून मगच मिसळतात, कारण ५० मिलीलिटर अधिक ५० मिलीलिटर मिळून सुमारे ९६च भरतात. मिश्रण बारीक गाळणीतून गाळतात, त्यात विरघळलेली हवा काढतात. नाहीतर पंपात बुडबुडे अडकतात. क्षारद्रावण ताजे लागते, शिळ्यात जंतू वाढतात. प्रमाण चुकले तर घटक ठरल्या वेळी बाहेर पडत नाही, आणि द्रावकातल्या अशुद्धीचा दोष निर्दोष द्राक्षांवर येऊ शकतो.