आगरकरांचा दमा

गोपाळ गणेश आगरकर म्हटले की आपल्याला कडवे सुधारक आठवतात. मला अलीकडे त्यांचा दमा आठवतो.

१४ जुलै १८५६ रोजी कराडजवळच्या टेंभू गावी एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. अकोला व पुणे येथे हालअपेष्टा सोसून ते शिकले. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणी टिळकांसह त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने पोखरलेल्या शरीराने त्यांनी शिकवणे, लिहिणे व कॉलेजचा कारभार हे सारे ओढले. त्या काळी दम्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेत. औषध ओढून घेण्याचा पंप १९५६ साली आला. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी आगरकर गेले. अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी स्वतःच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.

माझे गाव बऱ्हाणपूर जिल्ह्यातले इच्छापूर. इच्छादेवीच्या टेकडीच्या पायऱ्या झपझप चढणारे माझे थोरले काका आता ओसरीपर्यंत येतानाही धापा टाकतात. त्यांचा विकार दम्याचा भाऊबंद, पण वेगळा. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या होतात. वर्षानुवर्षांच्या बिडीने किंवा चुलीच्या धुराने झालेली सी.ओ.पी.डी.ची हानी भरून येत नाही. तरी त्रास कमी करता येतो. बिडी कायमची सोडणे, पंप नीट शिकून नियमाने घेणे, झेपेल तेवढे रोज चालणे, ओठ आवळून सावकाश श्वास सोडणे, फ्ल्यूची लस टोचून घेणे, हे उपाय आहेत. रक्तातला प्राणवायू सतत कमी राहिला तर डॉक्टर घरी ऑक्सिजन लावायला सांगतात. त्याच्याजवळ विस्तव नको. धाप एकाएकी वाढली किंवा कफाचा रंग बदलला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरी मात्र सगळे म्हणत, वयच झाले, चालायचेच. जे चालत आले ते का चालावे, हा प्रश्न आगरकरांनी जन्मभर समाजाला विचारला. त्यांच्या दम्याला तेव्हा पुरेसे औषध नव्हते. आमच्या म्हाताऱ्यांसाठी ते आहे. सुटीत घरी गेल्यावर आपल्या आजोबांची, चुलीपुढे जन्म काढलेल्या आजीची धाप वयावर ढकलू नका. त्यांना तपासून आणा.