कडू तेलाची सुई

शेजारच्या मुलीच्या कानाच्या पाळीवर टोचल्यानंतर गाठ वाढली होती. डॉक्टरांनी औषधाची सुई थेट त्या गाठीतच दिली. तिच्यापेक्षा मीच घाबरले! घरी येताना मात्र मला अ‍ॅलिस बॉल आठवली.

अ‍ॅलिस १८९२ साली अमेरिकेत सिएटलला जन्मली. कृष्णवर्णीय कुटुंब, आजोबा नावाजलेले फोटोग्राफर. औषधशास्त्र शिकून ती हवाई बेटांवर गेली आणि १९१५ मध्ये तिथल्या कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. असं करणारी तिथली पहिलीच स्त्री. मग तिथेच शिकवू लागली.

हवाईत तेव्हा कुष्ठरोग्याला घरातून उचलून मोलोकाई बेटावर नेऊन ठेवत. आई लेकराला कायमची दुरावायची. औषध एकच, चालमोगरा तेल. आपल्या कोकणातल्या कडू कवठाचं तेल त्याच जातकुळीतलं. ते प्यायलं की उलट्या व्हायच्या. टोचलं तर दाट असल्यामुळे अंगात जिरायचंच नाही, कातडीखाली फोडांच्या रांगा उठायच्या.

डॉ. हॉलमन यांनी हे कोडं अ‍ॅलिसपुढे ठेवलं. शिकवणं सांभाळून तिने तेलातली आम्लं वेगळी काढली आणि त्यांचा अल्कोहोलशी संयोग करून पातळ, अंगात जिरणारं औषध बनवलं. वय अवघं तेवीस!

पण ३१ डिसेंबर १९१६ ला ती गेली. लेख छापायचा राहूनच गेला. कॉलेजचे प्रमुख डीन यांनी ते काम पुढे नेलं आणि आपल्याच नावाने छापलं. तिचा उल्लेखसुद्धा नाही. मला याचा फार राग येतो. डॉ. हॉलमननी मात्र १९२२ मध्ये त्या पद्धतीला तिचंच नाव देऊन लिहिलं.

त्या सुयांनी काही वर्षांतच ७८ रुग्ण इस्पितळातून घरी परतले. पुढे भारतातही कवठाच्या तेलाची औषधं थेट चट्ट्यांच्या कातडीत टोचत असत. तो पक्का इलाज नव्हता, काहींचा रोग उलटायचा. १९४० नंतर नवी औषधं आली आणि या सुया मागे पडल्या. आता तर सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात. तरी पाहणीला गेलं की एखादी बाई चट्टा पदराखाली झाकतेच.

हवाई विद्यापीठाच्या आवारात चालमोगऱ्याचं एक झाड आहे. २००० साली तिथे अ‍ॅलिसच्या नावाची पाटी लावली.