रक्तातलं अदृश्य मोजणारी रोझलिन

आमच्या बीडकडे बाळंतिणीच्या खोलीबाहेर पहिला प्रश्न ठरलेला, मुलगा की मुलगी? २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे इथे ८०७ मुली होत्या, त्यावरून काय ते समजा. पण मैत्रिणींनो, कधी कधी नुसतं बघून डॉक्टरांनाही ते सांगता येत नाही. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत जन्मजात दोष असला, की पुरुषी हार्मोन वाढतात आणि मुलीचे अवयव मुलासारखे दिसतात. मुलगा असेल तर वरून बहुधा काहीच कळत नाही. आजार तीव्र असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू होतात, अंगातलं मीठ निघून जातं आणि बाळ दगावतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरात अशी दोन बाळं गेली. तोच आजार होता का, कुणी तपासलंच नाही. दोष सुनेच्या पायगुणाला! खरं तर हा दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो, आणि मग दर खेपेला चारात एक धोका. हे वाचता वाचता मला रोझलिन यालो भेटली.

१९२१ साली न्यूयॉर्कमध्ये साध्या ज्यू कुटुंबात ती जन्मली. आईवडील हायस्कूलही शिकलेले नव्हते. लेकीने शिक्षिका व्हावं एवढीच त्यांची इच्छा. तिला हवं होतं पदार्थविज्ञान. बाईला कोण प्रवेश देणार, म्हणून आधी लघुलेखन शिकून सेक्रेटरी व्हायचीही तयारी. मग युद्ध आलं, पुरुष सैन्यात गेले आणि इलिनॉय विद्यापीठात तिला जागा मिळाली. तिथल्या चारशे जणांत ही एकटी बाई. १९४५ मध्ये डॉक्टरेट झाली. पुढे ब्राँक्सच्या सैनिकी रुग्णालयात झाडूवाल्याच्या अडगळीच्या खोलीत तिने प्रयोगशाळा थाटली. घरी दोन मुलं, स्वयंपाक तिचाच. (हे वाचून मला जरा बरं वाटलं!)

डॉ. सॉलोमन बर्सन यांच्याबरोबर तिने रक्तातलं इन्सुलिन मोजलं. कल्पना संगीत खुर्चीसारखी. प्रतिपिंडांच्या मोजक्या खुर्च्या, त्यावर बसायला किरणोत्सर्गी खूण केलेलं हार्मोन आणि रुग्णाच्या रक्तातलं हार्मोन यांची चढाओढ. खूण केलेलं जितकं उभं राहिलं, तितकं रक्तात हार्मोन जास्त. या कामाची पहिली पायरी असलेला लेख आधी मोठ्या नियतकालिकांनी परत पाठवला होता. पद्धत सिद्ध झाल्यावर दोघांनी तिचं पेटंटही घेतलं नाही. १९७२ मध्ये बर्सन गेले. तिने प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं, म्हणजे तिच्या प्रत्येक लेखावर तेही राहील. १९७७ मध्ये नोबेल मिळालं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी हीच पद्धत वापरून बाळाच्या टाचेतला रक्ताचा थेंब कागदावर वाळवून हा अ‍ॅड्रिनलचा आजार ओळखून दाखवला. आता किरणोत्सर्ग न वापरताही ही तपासणी होते. मुंबईसह पाच शहरांत लाखावर बाळं तपासली, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. पावणेसहा हजारांत साधारण एकाला हा आजार निघाला. वेळीच कळलं तर रोजच्या गोळ्यांवर मूल शाळेत जातं, मोठं होतं.

रोझलिनबाई २०११ मध्ये गेल्या. आमच्याकडची ती सून पुन्हा गरोदर आहे. बाळ दोन दिवसांचं झालं की ही तपासणी करायची, असं मी सासूबाईंना बजावलंय. नाव विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहूनही दिलंय, सतरा-ओएचपी. चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात ठेवलीय.