फॅनी लू हॅमर : गर्भाशय कुणाच्या मालकीचे?

1961 साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एक कृष्णवर्णीय शेतमजूर स्त्री पोटातील गाठ काढण्यासाठी दवाखान्यात दाखल झाली. गाठीसोबत तिचे गर्भाशयही काढले गेले. तिला ना विचारले, ना सांगितले. मळेमालकाच्या घरातली कुजबूज स्वयंपाकिणीमार्फत वस्तीत पोचली, तेव्हा तिला कळले. ही स्त्री म्हणजे फॅनी लू हॅमर.

1917 साली बटईने शेती करणाऱ्या कुटुंबात जन्मलेले हे विसावे अपत्य. सहाव्या वर्षापासून कापूस वेचणे नशिबी आले. त्या कोर्टात का गेल्या नाहीत? आम्ही वकिली करतो, म्हणून हा प्रश्न आधी आमच्याच मनात येतो. परंतु त्या मिसिसिपीत गोऱ्या डॉक्टरवर दावा लावणे म्हणजे मरण ओढवून घेणे होते.

गुलामगिरीत गोऱ्या मालकाने केलेला बलात्कार गुन्हा ठरत नव्हता. बदफैली मात्र काळी स्त्री ठरत होती. हाच दुटप्पी न्याय पुढे दवाखान्यात शिरला. सुखवस्तू गोऱ्या स्त्रीने स्वतःहून नसबंदी मागितली तर डॉक्टर तिचे वय आणि मुलांची संख्या यांचा गुणाकार करीत. तो 120 भरला नाही तर नकार देत. काळ्या स्त्रीला मात्र न मागता वांझ केले जाई!

1962 साली हॅमर मतदार नोंदणीला गेल्या आणि मळ्यावरून हाकलल्या गेल्या. 1963 साली विनोना येथील कोठडीत त्यांना अमानुष मारहाण झाली. तरीही 1964 साली त्यांनी आपल्यावरील शस्त्रक्रियेची गोष्ट जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी मिसिसिपीच्या विधिमंडळात दुसऱ्या अनौरस अपत्यासाठी तुरुंग किंवा नसबंदी, असे विधेयक आले होते. कृष्णवर्णीय तरुणांच्या चळवळीने आवाज उठवला, तेव्हा नसबंदीचे कलम वगळावे लागले.

तरीही 1973 साली शेजारच्या अलाबामात 12 व 14 वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींची नसबंदी झाली. निरक्षर आईला वाटले, मुलींना इंजेक्शन द्यायचे आहे. तिने कागदावर फुली मारली. त्या खटल्यामुळे सरकारी पैशातून होणाऱ्या नसबंदीला संमतीचे नियम लागले.

हॅमर 1977 साली स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. पण तो शिक्का अजून पुसला गेलेला नाही. जिला आधीच सैल ठरवले आहे, ती तरुण मुलगी तपासणीला जायला कचरते आणि रोग अंगावर काढते.

1938 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. तो फेटाळला गेला. संततिनियमनाचे साधन स्त्रीच्या हाती असले तर ती मुक्ती. तेच व्यवस्थेच्या हाती गेले तर गुलामी. संमती म्हणजे कागदावरची फुली नव्हे. आपल्या लेकीबाळींना दवाखान्यात नेताना एवढे तरी आपण विचारणार आहोत की नाही?